हलकी फळी

सुताराने फळी कापली होती. दार उघडून ती आत आली तेव्हा आधी दिसला तो भुसा, आणि तो भुशासारखा नव्हताच. लाकडाचा भुसा तांबूस असतो, चपलेखाली कुरकुरतो. हा पांढरा होता, पिठाहून बारीक, आणि पंख्याचा वारा लागला की उठून कुठेही जाऊन बसत होता. सोफ्याच्या पाठीवर, सासूबाईंच्या चष्म्यावर, मुलीच्या भुवयांवर. घशाला एक तिखट, रासायनिक वास लागला. वास ओळखीचा होता, पण या घरातला नव्हता, म्हणून पहिले दोन-तीन श्वास तो कुठला ते तिला कळलंच नाही. मग तिने मुलीच्या खोलीत पाहिलं. भिंतीवर दोन लोखंडी कोनांवर फळीचे मधले चार फूट बसवलेले होते, आणि त्यावर मुलीची पुस्तकं रांगेने लावून झाली होती. फळीला पोटात जो बाक होता त्याने पुस्तकं एकमेकांवर रेलली होती, बस वळताना माणसं रेलतात तशी. टोकाकडचा निमुळता भाग कोपऱ्यात उभा होता. शेपटाकडचा, तीन पंखांसकट, वर्तमानपत्रावर पालथा पडला होता. तिच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की वरच्या कवचात काचेचे तंतू असतात. तिने पर्स टाकली, मुलीला काखेत उचललं आणि न्हाणीत नेऊन नळाखाली तिचं तोंड धरलं. मुलगी किंचाळली. चार वर्षांच्या त्या मुलीला, जिला घरात सगळे मुंगी म्हणत, डोक्यावरून पाणी घेणं म्हणजे मरण वाटायचं. "डोळे मीट, मीट म्हणते ना, चोळू नकोस," असं ती ओरडत राहिली, आणि मुंगी दोन्ही हातांनी तिचा गळा ओढत राहिली. पाच मिनिटांनी भुवया, पापण्या, कानामागच्या घड्या सगळं धुऊन झाल्यावर, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ते थरथरतं गाठोडं छातीशी धरून ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली, तेव्हा कुठे तिला कळलं, की फळी कापली गेली.

"बाई, एक विचारू?" सुतार दारातून म्हणाला. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल, हातात झाडू. "तुम्ही याला फळी म्हणता? चाळीस वर्षं फळ्या कापतोय मी. आतून थर्मोकोल निघालेली ही पहिलीच. मधोमध ही एवढीशी पट्टी गेलीय, तेवढंच काय ते लाकूड. बाकी सगळा देखावा."

"देखावा नाही तो," ती म्हणाली.

"पुस्तकं धरील, ती काळजी नको. लहान मुलांची हलकीच असतात. पण मोठी झाली की मात्र दुसरी घाला."

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, आणि सुनेचा चेहरा पाहून थबकल्या. "अगं, फळी म्हणजे हीच ना? तूच म्हणतेस ना, माझी फळी, माझी फळी. मी म्हटलं, बाई शहाणी झाली, अडगळीचं सोनं करतेय."

"आई, ती जुन्या पलंगाची फळी कापायची होती ना, बाल्कनीत हिच्या मागची."

"ते? त्याला आपण लाकूड म्हणतो. 'ते लाकूड टाकून द्या' म्हणून मी वर्षभर ओरडतेय. फळी म्हणजे ही."

आणि सासूबाईंचं खरं होतं. या घरात फळी म्हणजे तीच होती, आणि ते नाव तिनेच दिलं होतं. समुद्राकाठी राहत असताना कुणी फळी म्हणत नसे. बोर्ड म्हणत, किंवा ज्याचा त्याचा जो काही लाडाचा शब्द असेल तो. तिचा साडेसात फुटी, उन्हाने पिवळा पडलेला, डाव्या कडेला खडकावर आपटल्यावर तिखट वासाच्या राळेने भरलेली तळहाताएवढी पांढरट जोड असलेला, पाठीवर पाय घसरू नये म्हणून घासलेल्या मेणाचे बारीक खडबडीत दाणे. सहा वर्षं तिने त्यावर मेण घासलं होतं, रोज पहाटे, वाळूत बसून, वर्तुळावर वर्तुळ. मग नवऱ्याला इकडे नोकरी लागली, तिलाही पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत कायमची जागा मिळाली, आणि समुद्र दीड दिवसाच्या अंतरावर गेला. सामान हलवणाऱ्या माणसाने बोर्डाला टिचकी मारून विचारलं होतं, हे काय आहे? एवढं मोठं खोकं नाहीये आमच्याकडे. त्याला सर्फिंग समजावून सांगायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, फळी आहे, लिहा फळी. त्याने यादीत लिहिलं: फळी, एक नग. इथे आल्यावर शेजारीण म्हणाली, इस्त्रीची का? किती लांबलचक! तिने मान हलवली. लिफ्टमध्ये ती मावेना, तेव्हा नवरा आणि वॉचमन ती जिन्याने पाच मजले वर आणत होते आणि प्रत्येक वळणावर वॉचमन हाका देत होता, फळी जरा उभी करा, फळी जरा आडवी घ्या. त्या संध्याकाळपासून ती फळी झाली. शब्द लहान करत नेला की वस्तूला जागाही कमी लागते, असं काहीतरी तिला तेव्हा वाटलं असावं. बाल्कनीत ती भिंतीशी उभी राहिली. सासूबाई तिच्या टोकावर मुंगीचे मोजे वाळत घालू लागल्या. सुरुवातीला ती मोजे काढून तारेवर टाकायची. नंतर तीही तिथेच घालू लागली. सोयीचं होतं, तिथे ऊन थेट यायचं.

सुतार गेला. जाताना दोन्ही तुकडे टाकून देऊ का म्हणून विचारलं, तर ती नको म्हणाली. मग हातात ओला फडका घेऊन गुडघ्यांवर बसून ती खोली पुसत राहिली. पांढरं पीठ फडक्याला चिकटायचं, धुतलं की पाण्यावर तरंगायचं, बुडायचं म्हणून नाही. तीन बादल्या झाल्या. मुंगी पलंगावरून पाय न टेकता सगळं पाहत होती. "आई, फळी रडली का कापताना?" तिने विचारलं. "नाही गं, फळी कशाला रडेल." "ओरडत होती पण. खर्रर्र करून. आजी म्हणाली कान झाक." रडत नाही, ओरडते, पोरीने फरक बरोबर केला होता. ती पुसत राहिली. येत्या शुक्रवारी, म्हणजे आठ दिवसांनी, ती समुद्रावर जाणार होती. एकटी, पाच दिवस. रजा मंजूर झालेली होती, तिकीट फ्रीजवर चिकटवलेलं होतं, सासूबाईंनी पाच दिवसांचं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, नवऱ्याने "जा गं, किती दिवस नुसतं म्हणतेस" असं तीनदा म्हणून झालं होतं, तिसऱ्यांदा जरा कंटाळून. मुंगी दोन वर्षांची असताना सगळे मिळून एकदा गेले होते, त्यानंतर ती गेलीच नव्हती. कधी मुंगीचा ताप, कधी सासूबाईंचा गुडघा, कधी प्रयोगशाळेत माणूस कमी. या वेळी काहीच नव्हतं. महिनाभर ती वाट पाहत होती की काहीतरी निघेल, आणि काही निघत नव्हतं. मुंगी ठणठणीत होती. सासूबाईंचा गुडघासुद्धा ऐन वेळी बरा झाला होता.

नवरा सात वाजता आला. बूट काढता काढताच त्याने तुकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. तो वाईट माणूस नव्हता. "अरेरे," तो म्हणाला. "अगं, हे कसं झालं?"

"मीच सांगितलं फोनवर. फळी कापा म्हणून."

"पण त्याने कापायच्या आधी विचारलं नाही का?"

"विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, कापा."

त्याने बूट कपाटात ठेवले. "गडबडीत असशील," मग तोच म्हणाला. "जाऊ दे. तिकडे भाड्याने मिळते की. तू जा. फळीसाठी जाणं थोडंच थांबतं?" आणि तो हात धुवायला गेला. गडबडीत असशील. किती सहज त्याने तिला सोडवून टाकलं. असं कुणी सोडवलं, की माणूस जास्तच अडकतं.

कारण गडबड नव्हती. सकाळची साडेअकराची वेळ, प्रयोगशाळेतली सगळ्यात शांत. शहराच्या निरनिराळ्या नळांचे बत्तीस नमुने तिच्यासमोर रांगेत उभे होते, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी. क्लोरीन तपासायचं होतं. थोडं पाणी नळीत घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं, आणि गुलाबी रंग किती चढतो ते चकतीवरच्या रंगांशी ताडून पाहायचं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली होती, "तू तर बाई समुद्रावर चाललीस. आम्ही बसतो हे नळकोंडाळं हुंगत." ती हसली होती, आणि तेवढ्यात फोन वाजला. खांद्याने फोन कानाशी दाबून ती नळी हलवत होती. सुतार म्हणाला, "बाई, फळी दाखवली आजींनी. कापू ना? नंतर जोडता येणार नाही हं, आधीच सांगतो." ती म्हणाली, "हो, चार फुटांची करा." मग तो म्हणाला, "फार हलकी आहे हो. एका हाताने उचलली." पलंगाची फळी बाल्कनीत ठेवायला दोन माणसं लागली होती. नवऱ्याच्या पाठीत त्यानंतर चार दिवस उसण होती, सासूबाई तेल चोळत होत्या. हे तिला माहीत होतं. फोनवर ते शब्द ऐकताना तिला हे आठवलं की नाही? संध्याकाळपासून ती त्या एका क्षणाशी पुनःपुन्हा येऊन उभी राहत होती. नळीतला गुलाबी चढत होता. हलकी, असं तिने ऐकलं, आणि तिच्या काखेत, डाव्या, फळी धरायची त्या काखेत, काहीतरी दचकलं. तिथलं कातडं कितीतरी वर्षं फळीच्या कडेने घासून घासून राठ झालं होतं आणि आता मऊ पडलं होतं. तिथे दचकलं हे नक्की. म्हणजे शरीराला कळलं. मग तोंडाने काय केलं? तोंड म्हणालं, "कापा हो, कापा. एवढं काय विचारता?" आणि तिने नळी चकतीशी धरली, आणि वहीत आकडा लिहिला. आकडा बरोबर होता. पुढचे एकोणीस नमुने तिने न चुकता केले. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला एक विनोदही सांगितला. घरी फोन करून "थांबा" म्हणायला तिच्याकडे, हिशेब केला तर, पाऊण तास होता.

रात्री घरी पुन्हा फोन वाजला तेव्हा मुंगी जेवत होती. पलीकडून खारूताई बोलत होती. चणीने बारकी, सदा लगबगीत, आणि अंगावर बाराही महिने वाळलेल्या मिठाचा पांढरा थर, म्हणून तिकडे तिला सगळे खारूताई म्हणत. तिचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नसेल. किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने द्यायची टपरी चालवत तिने हिला लाटेवर उभं राहायला शिकवलं होतं. पहिल्या महिन्यात ही शंभरदा पडली आणि शंभरदा वर आली, म्हणून हिचं नाव बूच.

"काय बूच! शनिवारी कितीला उतरतेस? पुढच्या आठवड्यात मोठं पाणी येतंय. वाऱ्याची दिशा बघ काय सुरेख आहे. झोप नाही लागणार तुला."

ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. कोपरा रिकामा होता. पलंगाची फळी तेवढी आपल्या जागी होती, जाड, चौकोनी, कुणाचं काही न बिघडवता उभी. "खारूताई, बोर्ड गेला गं," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. फळी आणि लाकूड, सासूबाई, सुतार, पुस्तकं. हलकी हा शब्द तेवढा सांगितला नाही. पलीकडे खारूताई हसत सुटली. ते तिचं घोगरं, खोकल्यासारखं हसू. "थर्मोकोल म्हणाला! सगळा देखावा म्हणाला! बूच, त्याला इकडे पाठव, मी त्याला प्यायला काहीतरी देते." हसणं संपल्यावर म्हणाली, "बरं झालं. ती जोड सुटायलाच आली होती. माझ्याकडे अकरा-बारा पडलेत. तुझ्या मापाचा एक आहे, नवा, अजून कुणी पाय नाही ठेवला त्यावर. तुला ठेवते."

"पण माझा..."

"काय माझा? पहिल्यांदा उभी राहिलीस ती कुणाच्या बोर्डवर? माझ्या ना? लाट काय नाव वाचते का?"

"तसं नाही गं. म्हणजे, आता सगळंच... मुंगीची पण शाळा, परवा तिचं पोट जरा..."

"मुंगीला काय झालं?"

"झालं असं काही नाही."

मागून पाण्याचा आवाज येत होता, खारूताई किनाऱ्यावरच उभी असणार. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी लाटा होत्या, बूच."

कुठला दिवस हे तिने विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ. नवरा वाळूवर बसलेला, मांडीवर दोन वर्षांची मुंगी, डोक्याला लाल टोपी. ती पोटावर झोपून हात मारत फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेली. हातांना सगळं आठवत होतं, आणि पहिली पाच मिनिटं तिला रडू येईल इतकं बरं वाटलं होतं. पलीकडे पोचून ती बोर्डवर पाय सोडून बसली आणि सवयीने समुद्राकडे तोंड करायच्या ऐवजी तिने किनाऱ्याकडे पाहिलं. लाल ठिपका दिसला. तो हलत होता. रडतेय का? हसतेय? एवढ्या अंतरावरून तोंड उघडं की मिटलेलं ते कळत नव्हतं. वाळू तोंडात घातली असेल तर? नवऱ्याचं लक्ष फोनमध्ये असेल तर? मागून पाणी उचललं जात होतं, हे तिला मांड्यांखाली कळत होतं. चांगली लाट होती, उजवीकडे हळूहळू फुटत जाणारी, तिची. तिने ती जाऊ दिली. पुढची घेऊ. पुढचीही जाऊ दिली. मग एकाएकी तिला उमगलं, की उभं राहायच्या त्या एका क्षणी, दोन्ही हात टेकून पाय खाली ओढून घेण्याच्या क्षणी, माणसाला दुसऱ्या कुणाचंच असून चालत नाही. आधी ती त्या क्षणी कुणाचीच नसायची. त्यासाठीच तर ती पाण्यात जायची. आता डोकं खाली गेलं तर तो लाल ठिपका आईवाचून राहील, हा एकच विचार खिळ्यासारखा मधोमध बसला होता, आणि त्याच्या भोवती अख्खं अंग दगड झालं होतं. लाटा येत होत्या, तिला वर उचलत होत्या, खाली ठेवत होत्या, आणि पुढे जाऊन फुटत होत्या. शेवटी एका मेलेल्या फेसाबरोबर, पोटावर पडून, पहिल्यांदा आलेले पाहुणे येतात तशी ती काठाला आली. नवऱ्याने विचारलं, काय गं, एवढ्यात? ती म्हणाली, आज लाटाच नव्हत्या. मुंगी हसत होती. टोपीत वाळू भरत होती.

"किती होत्या?" तिने फोनवर विचारलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा आल्यासारखा आला.

"अकरा. मी टपरीच्या छपराखाली उभी होते. पहिल्या तीन लाटांना मला वाटलं, अंदाज घेतेय. सातवीला मी हाक मारणार होते." खारूताई पुढे म्हणाली, "इकडे सगळ्यांना मी सांगते, बूच लांब राहते म्हणून येत नाही. दीड दिवसाचा प्रवास, लहान मूल. लोकांना पटतं. पण मला तरी ते सांगू नकोस. आता तिकीट काढलंयस, मूल आजारी नाही, रजा आहे, बोर्ड मी देतेय. आता काय सांगणार आहेस?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. किक मारली की ती गुरगुरायची आणि बंद पडायची. तिला वाटलं, ही स्कूटर सुरू झाली की मी बोलेन. स्कूटर सुरू झाली, निघूनही गेली.

"भीती वाटते," ती म्हणाली.

"ते मला दोन वर्षांपूर्वीच दिसलं. भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटते. तू येणार आहेस की नाही? तोंडाने म्हण. बघू, करू, जमलं तर, यातलं काही नको. दर सहा महिन्यांनी मी तुझ्यासाठी लाटा बघते आणि तू मला ताप आणि गुडघे सांगतेस. एकदा काय ते म्हणून टाक."

तिने कठडा धरला. म्हणावं, येते. शनिवारी पाचला उतरते. दोनच शब्द, आणि मग पुढचं पुढे. तिने ओठ उघडलेही. आणि तिला स्पष्ट दिसलं, की ती जाईल, नवा बोर्ड घेऊन पलीकडे जाऊन बसेल, आणि या वेळी किनाऱ्यावर लाल टोपी नसेल, म्हणून तिला दर लाटेला ती इथे, दीड दिवसाच्या अंतरावर, या खोलीत शोधावी लागेल.

"नाही येणार," ती म्हणाली. "आता नाही येणार खारूताई. सोडलं मी ते."

"बरं," खारूताई म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जरा घसा साफ करून ती म्हणाली, "मग? बाकी घरी सगळे मजेत ना? सासूबाईंची तब्येत?"

दहा वर्षांत खारूताईने तिला असलं कधी विचारलं नव्हतं. सासूबाई नावाची गोष्ट जगात असते याची तिने कधी दखलच घेतली नव्हती. हे प्रश्न ती टपरीवरच्या गिऱ्हाइकांना विचारायची, जे वर्षातून एकदा येतात आणि ज्यांची नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत.

"हो, बऱ्या आहेत. गुडघाही आता बराय."

"छान. सांग हं त्यांना, विचारलं म्हणून. चल, ठेवते."

ती आत आली. नवऱ्याने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "काय म्हणते तुझी खारूताई?"

"मी नाही जात शुक्रवारी."

"अगं, पण रजा मंजूर झालीय, तिकीट..."

"रजा राहू दे. मुंगीच्या आजारपणाला लागते."

"बघ बाबा. मागाहून म्हणशील, पाठवलं नाही." त्याचे खांदे सैल झाले, त्याला स्वतःला कळलंही नसेल. सासूबाईंनी नुसता टीव्हीचा आवाज एक घर वाढवला. घरानेच कुठेतरी सुस्कारा सोडल्यासारखं झालं. तिच्यावाचून पाच दिवस काढायचं जे एक ओझं सगळ्यांनी चेहरे हसरे ठेवून उचललं होतं, ते कुणीतरी हलकेच खाली ठेवलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आता येईल, असं तिला वाटत होतं. घसा दाटून येईल, गुडघ्यातलं बळ जाईल, निदान हात थरथरतील. प्रसूतीच्या वेळी, वडील गेले तेव्हा, असं काहीतरी आलं होतं, आणि ते येऊन गेल्यावर माणूस मोकळं झालं होतं. ती थांबली. फ्रीज गुरगुरत होता, फ्रीजवर तिकीट होतं, नळाचा थेंब भांड्यात पडत होता. काही येईना. मग जे आलं ते ओळखायला तिला जरा वेळ लागला, कारण त्याची तिने अपेक्षाच केली नव्हती. तिला भूक लागली होती. महिनाभर तिची भूक मेली होती, तिकीट काढल्या दिवसापासून; पानात वाढलेलं ती तसंच उष्टं टाकायची आणि सासूबाई म्हणायच्या, जायच्या आनंदात पोट भरलंय हिचं. आता पोटात नुसता आगडोंब उसळला होता. ओट्यावर मुंगीची ताटली होती, तिच्यात कुस्करलेला गार भात, उकडलेल्या बटाट्याचे तुकडे, एका बाजूला मुंगीने चोखून टाकलेलं काहीतरी. तिने ताटली उचलली. चमचाही घेतला नाही. उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून, हाताने ती खात सुटली, शेवटचं शीत बोटाने पुसून घेईपर्यंत. मग पातेल्याचं झाकण काढून आणखी वाढून घेतलं. भात गार होता, घट्ट झाला होता, आणि फार चांगला लागत होता.